दोन तासांची कूस, चोवीस तासांची ड्युटी

डहाणू-तलासरीकडे म्हाताऱ्या माणसाला घरी सांभाळायला कुणी ठेवायचं ठरलं, की चौकशी एका प्रश्नापाशी सुरू होते आणि बहुतेक वेळा तिथेच संपते. बाई चांगली आहे ना? प्रश्न रास्त आहे. अनोळखी माणूस घरात घ्यायचा, आईच्या खोलीत त्याला रात्रंदिवस ठेवायचं, तर स्वभाव कसा आहे, हात साफ आहे का, हे विचारायलाच हवं. पण याच भागात, सरावलीच्या आसपास, या कामात वर्षं गेल्यावर माझं मत असं बनलं आहे की हा प्रश्न अपुरा आहे, आणि त्यावर समाधान मानलं जातं म्हणून धोक्याचाही आहे. म्हातारं माणूस घरात सुखरूप राहतं की नाही, हे बाईच्या चांगुलपणावर आपण समजतो त्यापेक्षा फार कमी ठरतं. तिची पाळी कोण लावतं, तिला नेमकं काय लिहून दिलं आहे, ती आजारी पडली तर जागेवर कोण येतं, रात्री दोन वाजता तिने फोन केला तर पलीकडे कोण उचलतं, यावर ते ठरतं. मारणारी, चोरणारी, उपाशी ठेवणारी बाई असते, नाही असं नाही. वर्तमानपत्रात तिचीच बातमी येते. पण या कामात जे नुकसान रोज होतं, ते मायाळू बायांच्या हातून, सुखवस्तू घरांत, सगळ्यांचा हेतू चांगला असताना होतं. ते माणसाच्या वाईटपणातून येत नाही, मागे कुणीच उभं नसल्यामुळे येतं.

पाठीच्या जखमेचं उदाहरण घ्या. लकवा झालेल्या किंवा खुब्याचं हाड मोडलेल्या पेशंटच्या डिस्चार्ज कार्डावर एक सूचना हमखास असते: दर दोन तासांनी कूस बदला. सूचना बरोबर आहे. एकाच जागी दाब राहिला की माकडहाडावरची, टाचेवरची कातडी मरते. आता तिच्याशेजारी दुसरी गोष्ट ठेवा. घरकामाला बाया पुरवणाऱ्या ब्युरोकडून एक बाई, चोवीस तासांची ड्युटी. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात तिने चारदा उठायचं. दिवसा आंघोळ, डायपर, भरवणं, औषधं, कपडे, आणि पुष्कळ घरांत वर चार पोळ्याही. हे किती दिवस चालेल, याचं गणित कागदावरच चुकलेलं आहे. सुरुवातीच्या रात्री बाई उठते. मग शरीर ऐकत नाही. काही दिवसांत माकडहाडावर लाल चट्टा दिसतो, आणि तो कुणाला सांगायचा हे तिला ठाऊक नसतं. मुंबईतल्या मुलीला सांगितलं तर ती ओरडेल, ब्युरोवाल्याचा फोन कमिशनच्या तारखेलाच लागतो, डॉक्टर तिला ओळखत नाहीत. म्हणून तिथे पावडर लावली जाते. जखम उघडी पडून वास यायला लागला की घर एकमताने ठरवतं, बाई निष्काळजी होती. बाई बदलली जाते, आणि नवी बाई त्याच खाटेपाशी, त्याच चोवीस तासांच्या ड्युटीवर येते. जखम कुणाच्या आळसातून झाली नाही. ज्याने पाळी लावली, किंवा लावलीच नाही, त्याने ती त्या दिवशीच ठरवून टाकली होती.

इथे एक गोष्ट बोलल्याशिवाय पुढे जाववत नाही. आजच्या तलासरी तालुक्यातल्या झरीला १९४५ साली परिषद भरली आणि वारल्यांचा वेठबिगारीविरुद्धचा लढा उभा राहिला, हे या भागातल्या पोरासोरांनाही ऐकून माहीत असतं. त्याच भागातल्या मुली आज मुंबई-वापीच्या फ्लॅटांत, डहाणूच्या वाड्यांत चोवीस तासांची ड्युटी करतात. त्यांना पगार मिळतो, तेव्हा ही वेठ नव्हे, हे मान्य. पण झोपेचे तास ठरलेले नाहीत, आठवड्याची सुट्टी ठरलेली नाही, जेवायला स्वतंत्र वेळ नाही. थकलेल्या माणसाच्या हाती दुसऱ्या माणसाचा जीव देणं हा तिच्यावर अन्याय आहेच, पण तेवढाच तो पेशंटला धोका आहे. कामगाराचे हक्क आणि पेशंटची सुरक्षितता हे दोन वेगळे विषय आहेत, असं या क्षेत्रात मानलं जातं. मला ते एकच वाटतात.

दवाखान्यातून घरी आल्यानंतरचे पहिले दोन-तीन दिवस सर्वांत नाजूक असतात, आणि नेमके तेच कुणाच्याही ताब्यात नसतात. इथला पेशंट उपचाराला मुंबईला जातो, वापी-वलसाडलाही जातो. कार्ड इंग्रजीत मिळतं. पेशंट गुजराती किंवा मराठी बोलतो, बाई घरी वारली बोलते आणि मराठी वाचते, मुलगा व्हिडिओ कॉलवर असतो. घरात आधीच्या डॉक्टरांच्या गोळ्यांचा डबा असतोच. एकाच औषधाच्या दोन कंपन्यांच्या दोन पट्ट्या, नावं वेगळी, म्हणून दोन्ही चालू राहतात. इन्सुलिनचा घोळ तर याहून सरळ आहे. आपल्याकडे ते दोन ताकदींत मिळतं, एका मिलिलिटरला ४० युनिटचं आणि १०० युनिटचं, आणि दोन्हींच्या सिरिंज वेगळ्या असतात; ४०ची लाल टोपणाची, १००ची नारिंगी. दवाखान्याने एक दिलं, कुपी संपल्यावर गावच्या मेडिकलमधून दुसरं आलं, सिरिंज मात्र घरातली जुनी लाल टोपणाचीच राहिली, तर २० युनिटच्या खुणेपर्यंत ओढलेल्या सिरिंजमधून ५० युनिट अंगात जातात. बाईने खूण अगदी बरोबर पाहिली होती. तिचा हात चुकला नाही, तिचं लक्षही चुकलं नाही. डिस्चार्जच्या दुसऱ्या दिवशी कुणीतरी जाणत्याने घरी येऊन डबा पालथा करायचा, जुन्या पट्ट्या बाजूला काढायच्या, कुपी आणि सिरिंज शेजारी ठेवून पाहायची, मराठीत तक्ता लिहून भिंतीला लावायचा, एवढं अर्ध्या-पाऊण तासाचं काम होतं. हे काम दवाखान्याचं नाही, मेडिकलवाल्याचं नाही, ब्युरोचं नाही. म्हणून ते होत नाही.

पडण्याचंही तसंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडून मरतात, त्यांतली ८० टक्क्यांहून जास्त गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत, आणि सर्वाधिक प्राणघातक पडणी साठीच्या पुढच्यांची. घरातली पुष्कळ पडणी अंथरूण आणि मोरी यांच्यामधल्या वाटेवर होतात. आपल्याकडे संडास अनेकदा मागल्या पडवीच्या टोकाला; मधे उंबरा, पावसात ओली झालेली फरशी, वीज गेलेली. इलाज कुणालाही सुचेल असा आहे: धरायला दांडा, उंबऱ्यावर उतार, खाटेखाली बॅटरी, रात्रीपुरतं कमोड. पण हे करायचं कोणी? घर म्हणतं ब्युरो सांगेल, ब्युरो म्हणतो आम्ही फक्त बाई देतो. पहिल्या पडण्यानंतर सगळे हळहळतात, दुसऱ्यानंतर दांडा बसतो. पहिल्या पडण्याची नोंद एखाद्या वहीत होऊन ती कुणी वाचली असती, तर दुसरं टळण्याची शक्यता पुष्कळ होती. याहून मोठ्या धक्क्याची तयारी तर कुणाच्या मनातच नसते. नोव्हेंबर २०१८पासून धुंदलवाडी परिसरात भूकंपाची मालिका सुरू झाली, माणसं कडाक्याच्या थंडीत अंगणात, तंबूत झोपली. ज्याला स्वतःहून उठता येत नाही त्याला त्या रात्री बाहेर कुणी आणायचं, खाट कोणत्या भिंतीपासून लांब ठेवायची, हे आधी ठरलेली घरं फार थोडी होती आणि अजूनही फार थोडीच आहेत.

मग बदलीचा प्रश्न. या भागाचं स्वतःचं पंचांग आहे. जूनअखेर लावणी लागली की बाया शेतावर जातात. होळीला कुणी थांबत नाही. चैत्री पौर्णिमेपासून विवळवेढ्याला महालक्ष्मीची जत्रा भरते. या तारखा अचानक उगवत नाहीत, पण दरवर्षी ब्युरोचा फोन तसाच येतो, आज बाई येणार नाही, बघा काही सोय होते का. बदली आलीच तर ती कोऱ्या मनाने येते. पेशंटला नळीतून भरवताना डोक्याकडचा भाग उचललेला ठेवावा लागतो, निजवून भरवलं तर अन्न फुप्फुसात जातं, हे तिला दारात कुणी सांगत नाही. कायमची बाई दोन वर्षं उत्तम काम करते आणि बदलीच्या दोन दिवसांत न्यूमोनिया होतो. दोष पुन्हा एका बाईच्या नावावर जमा होतो.

हा ब्युरो म्हणजे कायद्याच्या नजरेत काय आहे? पुष्कळदा एक फोन नंबर आणि फार तर दुकानाची नोंदणी. इथे एक तुलना मला फार बोचते. इमारतीच्या फाटकावर बसणारा वॉचमन ज्या एजन्सीकडून येतो, तिला २००५च्या केंद्रीय कायद्याखाली राज्याचा परवाना लागतो. त्या कायद्याखालच्या आदर्श नियमांत रखवालदाराला १०० तास वर्गात आणि ६० तास प्रत्यक्ष जागेवर प्रशिक्षण सांगितलं आहे. महाराष्ट्रात तर रखवालदारांसाठी १९८१पासून वेगळा कायदा आहे, मंडळ आहे. नियम किती पाळले जातात हा भाग निराळा, पण निदान ते आहेत. फाटकाच्या आत, तिसऱ्या मजल्यावर, म्हाताऱ्याच्या नाकातल्या नळीतून पेज घालणाऱ्या बाईला पाठवणाऱ्या एजन्सीसाठी असा परवाना नाही. १९४९चा शुश्रूषागृहांचा कायदा खाटा असलेल्या संस्थेपुरता. २००७चा आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा मुलांकडून प्रांताधिकाऱ्यामार्फत महिना १० हजारांपर्यंत निर्वाहखर्च मिळवून देऊ शकतो. त्या पैशातून विकत घेतलेली सेवा कशी असावी, यावर तो गप्प आहे. घरी सेवा पुरवणाऱ्या संस्थांची नोंदणी आणि किमान दर्जा यांची तरतूद असलेलं दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९मध्ये लोकसभेत आलं, स्थायी समितीकडे गेलं, पण त्याचा कायदा झाला नाही. राहता राहिली पोलीस पडताळणी. ती जरूर करावी. पण त्या कागदावरून बाईवर गुन्हा नाही एवढंच कळतं. तिला माणूस उचलता येतो का, आणि उचलताना तिची स्वतःची कंबर वाचते का, हे कळत नाही.

यावर पहिला आक्षेप पैशाचा, आणि तो खोटा नाही. देखरेख ठेवायची, वही तपासायची, बदली तयार ठेवायची म्हणजे खर्च वाढणार. पण हिशेब नीट मांडा. एक अनुभवी नर्स दिवसाला चार-पाच घरं करत आठवड्याला घरटी एक फेरी मारू शकते, म्हणजे तिचा पगार वीस-पंचवीस घरांत विभागतो. ब्युरो आजही दरमहा कमिशन घेतोच. ते कशाचं, हा प्रश्न घरं विचारत नाहीत. बाई मिळवून दिली याचं एकदाच होऊ शकतं, दरमहा घ्यायचं तर दरमहा काहीतरी करायला हवं. आणि खुब्याच्या एका ऑपरेशनचं बिल ज्याने भरलं आहे, त्याला आठवड्याच्या फेरीचा खर्च वेगळा समजावून सांगावा लागत नाही. चोवीस तासांऐवजी बारा-बारा तासांच्या दोन बाया मात्र खरंच महाग पडतात, त्यावर माझ्याकडे सोपं उत्तर नाही. निदान कूस बदलणं रात्री घरातल्या कुणी वाटून घ्यावं, हवेची गादी आणावी आणि वीज गेली की ती बसते हे लक्षात ठेवावं, इतकं करता येतं.

दुसरा आक्षेप अधिक भावनेचा आहे. घर म्हणजे दवाखाना नव्हे, वह्या-तक्ते कशाला, आमच्याकडे सून आहे, नातवंडं आहेत. मला हा आक्षेप आवडतो, कारण त्यात म्हाताऱ्याला घरी घरासारखं ठेवायची इच्छा आहे. पण दोन तासांचं गणित सुनेलाही लागू पडतं. प्रेमाने झोप भागत नाही. आणि सून थकली तर तिला बदलायला ब्युरोही नसतो. उलट वही असली तर घर सैलावतं, हे वारंवार दिसतं: काल किती खाल्लं, लघवी झाली का, गोळी दिली का, यावरून रोज होणारी कुरबुर थांबते. वहीचा फायदा बाईलाही होतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असल्या की म्हाताऱ्या कातडीवर नुसत्या धरण्याने काळेनिळे डाग उठतात. लिहून ठेवलेलं नसेल तर त्या डागाचा एकच अर्थ लावला जातो.

तिसरा आक्षेप हल्ली फार ऐकू येतो: कॅमेरा लावला आहे. कॅमेऱ्यात पडलेलं दिसतं, पडू नये म्हणून तो काही करत नाही. लाल चट्टा त्यात दिसत नाही, कुपीवरचा आकडा दिसत नाही. दिसतं ते म्हाताऱ्या आईचं कपडे बदलणं, तेही परदेशातल्या मुलाच्या मोबाइलवर. तिला विचारलं होतं का, हा प्रश्न मला अजून कुणी विचारलेला नाही.

नियम आणले की इन्स्पेक्टर आला आणि हप्ता आला, हा आक्षेप मात्र गंभीरपणे घ्यावा लागतो. इंग्लंडमध्ये २००९पासून केअर क्वालिटी कमिशन ही संस्था घरी सेवा देणाऱ्या एजन्स्यांचीही तपासणी करते. सेवा सुरक्षित आहे का, परिणामकारक आहे का, आपुलकीची आहे का, गरजेला धावून जाते का, आणि संस्थेचं नेतृत्व-व्यवस्थापन नीट आहे का, असे तिचे पाच प्रश्न. पण २०२४च्या सरकारी आढाव्यात त्याच संस्थेचे वाभाडे निघाले. तपासण्या रोडावल्या होत्या आणि पुष्कळ ठिकाणांना कधीच श्रेणी मिळालेली नव्हती. तेव्हा तपासनीस आला की सगळं सुरळीत होतं, असं मी म्हणणार नाही. मला महत्त्वाचा वाटतो तो पाचवा प्रश्न. प्रेमळपणा आणि व्यवस्थापन तिथे दोन वेगळ्या रकान्यांत मोजतात, एकाने दुसऱ्याची भरपाई होत नाही. आपल्याकडे उद्याच मोठं खातं उघडायची गरज नाही. ब्युरोची नोंदणी, त्यात जबाबदार माणसाचं नाव, आणि पडणं, जखम, औषधाची चूक यांची नोंद ठेवण्याची सक्ती, एवढ्यानेही पुष्कळ फरक पडेल.

राहिला तो आक्षेप, जो मोठ्याने कुणी बोलत नाही पण मनात सगळ्यांच्या असतो: या बायांना हे जमणार आहे का? याचं उत्तर महाराष्ट्राने दोनदा दिलं आहे. तारा मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ला बोर्डीत काम सुरू केलं आणि १९५७ला ते डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर नेलं. लहान मूल सांभाळणं हे कुठल्याही बाईला आपोआप येतं, त्यात शिकायचं काय, असंच तेव्हाही म्हटलं जात होतं. पाड्यावरच्या अंगणात शाळा नेऊन त्यांनी त्याचं शास्त्र आणि काम दोन्ही उभं केलं. अंगणवाडी आज देशभर आहे. दुसरं उत्तर गडचिरोलीचं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने ३९ गावांत गावातल्याच बायांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं, अगदी इंजेक्शनसुद्धा. १९९९मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले, तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी उतरला होता. लोक यातलं प्रशिक्षण लक्षात ठेवतात. मला त्यातली नोंदवही आणि नियमित येणारा देखरेखीचा माणूस जास्त महत्त्वाचे वाटतात. एकदा शिकवून सोडून दिलेली बाई वर्षभरात एकटी पडते, हे घरसेवेतल्या प्रमाणपत्रांच्या बाबतीतही दिसतं. होम हेल्थ एडचा कोर्स केलेल्या मुलींचे पहिले सहा महिने चांगले जातात; पुढे घर सांगेल तसं चालू लागतं.

आतापर्यंत बोललो ते ज्यांना बाई परवडते त्यांच्याबद्दल. पाड्यावर ब्युरो नाही. दिवाळीनंतर घरातली कर्ती माणसं वीटभट्टीवर, भिवंडी-वसईकडे जातात; मागे म्हातारी आणि नातवंडं. तिथली देखभाल शेजारीण करते किंवा दहा-बारा वर्षांची नात करते. तिथे माझा मुद्दा लागू नाही असं कुणी म्हणेल, पण तिथे तो जास्तच लागू आहे, कारण तिथे मागे उभं राहणारं कुणीच नाही. केरळने २००८मध्ये पॅलिएटिव्ह केअरचं धोरण केलं आणि तिथल्या पंचायतींमार्फत नर्स अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जाऊ लागली; सेवा घरचेच करतात, ती फक्त बघते, शिकवते, जखम धुते, पुन्हा येते. डहाणू आणि तलासरी हे पेसा या आदिवासी भागांतल्या पंचायतींच्या कायद्याखालचे तालुके. इथल्या ग्रामपंचायतींना पाच टक्के अबंध निधी थेट मिळतो, आणि तो ज्यांवर खर्च करता येतो त्यांत आरोग्यही आहे. चार-पाच पंचायतींनी मिळून एक फिरती नर्स ठेवणं यात बसवता येईल. अडचण दिसतेच आहे. गटाराला उद्घाटन असतं, नर्सच्या फेरीला नसतं, आणि ग्रामसभेत हात वर करायला अंथरुणावरचा माणूस येऊ शकत नाही. पण कोणत्या पाड्यावर अशी किती घरं आहेत, हे आशाताईला पाठ असतं. नावं न घेता तो आकडा ग्रामसभेपुढे ठेवायला कुणाचा शासननिर्णय लागत नाही. लावणी लागायच्या आधीची ग्रामसभा त्याला बरी.